वाचकांचे प्रश्न : दिवाणजी, ब्लॉग कसा चालवता?

गेल्या अंकात सांगलीच्या एका निवृत्त दिवाणजींच्या मराठी ब्लॉगची ओळख आम्ही छापली होती. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात (जिथे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकला जातो) त्यांनी ३४ वर्षं हिशेब लिहिला आणि २०१० पासून फावल्या वेळात ब्लॉग. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न त्यांच्याकडे धाडले. उत्तरं त्यांच्याच शब्दांत आहेत. ‘माझं आणि ब्लॉगचं नाव छापू नका, म्हणजे मोकळेपणानं लिहिता येईल,’ एवढी एकच अट त्यांनी घातली.

प्रश्न : मी बी.एस्सी. झाले आहे. चार महिने झाले, ब्लॉग सुरू करायचं मनात आहे. पण नाव ठरत नाही आणि विषयही सुचत नाही. तुमचं कसं ठरलं? (एक वाचक, तासगाव)

ताई, माझं काहीच ठरलं नव्हतं. २०१० च्या उन्हाळ्यात आमच्या शेठनी टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी नवा संगणक घेतला. हळदीचा हंगाम ओसरत आलेला. दुपारी दुकानात मी, दोन हमाल आणि पंखा. पुतण्या आला होता, त्यानं गूगलच्या ब्लॉगरवर खातं उघडून दिलं आणि म्हणाला, “काका, लिहा काहीतरी.” नावही त्यानंच टाकलं, बस चुकेल या घाईत. पंधरा वर्षं तेच आहे. मला ते अजूनही आवडत नाही, पण नावावरून आजवर एकानंही काही विचारलेलं नाही.

पहिला लेख लिहिला देशाच्या परिस्थितीवर. वाचक तीन : पुतण्या, दुकानातून मी, आणि नीट दिसतंय का बघायला नेट कॅफेतून पुन्हा मीच. पुढचे सात लेखही त्याच जातीचे. महागाई, आजची तरुण पिढी, क्रिकेट. आता ते वाचले तर लिहिणारा कुठला, काय करतो, काही पत्ता लागत नाही.

नववा लेख गंमतीनं झाला. एक म्हातारा शेतकरी दुकानात आला, दुसऱ्याच कुणाच्या तरी पोत्यात हात घातला, हळकुंड काढलं आणि कानाजवळ धरून मोडलं. “अजून दोन उन्हं पायजेत,” म्हणाला आणि गेला. नीट वाळलेली हळद मोडताना भांड्यावर भांडं आपटल्यासारखा टणत्कार होतो. ओल असली तर ती आधी लवते, मग मुकाट तुटते. हे मला बावीस वर्षं माहीत होतं, पण लिहिण्यासारखं आहे असं कधी वाटलं नव्हतं. अकरा ओळी लिहिल्या. चार दिवसांनी खाली वसमतहून एकानं विचारलं, ‘आमच्याकडे हळद नखानं बघतात, तुमचा आवाज कसा असतो ते नीट सांगा.’ माझा विषय मला त्या दिवशी मिळाला.

तुम्ही तासगावात बसून विषय नाही म्हणता? द्राक्षाचा बेदाणा होताना शेडवर काय काय घडतं, जाळीवर घड पसरल्यावर घरच्यांची झोप का उडते, सौद्यात, म्हणजे लिलावात, बेदाणा उधळतात तेव्हा शेतकरी का चिडतो, हे पुण्यातल्या माणसाला कोण सांगणार? आज रात्री स्वतःच्या नावानं ब्लॉग उघडा. वरचं शीर्षक पुढे कधीही बदलता येतं. पत्ता मात्र बदलू नका. तो बदलला की ज्यांनी जपून ठेवला त्यांना दार बंद दिसतं.

प्रश्न : मी शिक्षक आहे. लिहायची हौस आहे, पण मराठी टायपिंगमध्ये अडकतो. ‘दऱ्या’ लिहायला जावं तर ‘दर्या’ उमटतं. (एक वाचक, विटा)

सर, या दुखण्यानं माझी चांगलीच फजिती केली आहे. आमचे सासरे लग्नाकार्यात आचारी म्हणून जायचे. त्यांच्या आमटीवर मी लेख लिहिला, ‘आचाऱ्यांच्या हातची आमटी’. छापून आलं ‘आचार्यांच्या हातची आमटी’. एका सद्गृहस्थांनी अत्यंत आदरानं विचारलं, ‘हे कोणते आचार्य?’

गोम अशी की साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य एकापुढे एक दिले की संगणक रफार काढतो. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. आपला मराठी ‘ऱ्य’ हवा तर खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. सरकारी इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्तासाठी डी, मग य. माझ्या मोबाईलवर र वर बोट दाबून धरलं की ऱ वर येतो. एकदा बोटांना सवय लागली की वाऱ्या, पायऱ्या, दऱ्या सगळं ठिकाणावर येतं.

तसाच दुसरा घोळ ‘ॲ’चा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या यादीत, हे अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे, आणि अजूनही बरेच जण तसंच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. माझ्याच जुन्या लेखांतला एखादा शब्द मलाच शोधून सापडत नाही तो यामुळे. काही असो, एक काहीतरी धरा आणि तेच चालवा.

आणि कृपा करून हस्तपत्रकं छापायच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहू नका. पहिले दोन आठवडे मी तेच केलं. दुकानात सुरेख दिसत होतं, पुण्यात पुतण्याच्या संगणकावर सगळं इंग्रजी अक्षरांचं भडंग. त्या फॉन्टमध्ये आत अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठी कपडे. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला उघडंवाघडं दिसतं.

प्रश्न : मी दोनदा ब्लॉग सुरू केला, दोन्ही वेळा महिन्याभरात बंद पडला. घरचं सगळं आटपून वेळच उरत नाही. तुम्ही सातत्य कसं राखलंत? (एक गृहिणी, कवठेमहांकाळ)

वहिनी, राखलं कुठे? २०११ च्या गुढीपाडव्याला रोज एक लेख लिहायचा पण केला. एकोणीस दिवस चालला. विसाव्या दिवशी ‘आज विशेष काही नाही’ एवढंच लिहिलं, आणि ते वाचून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे २०१४ पासून चौदा महिने एक अक्षर लिहिलं नाही. कारण सांगायला मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. खरं म्हणजे पहिले दोन महिने ऑपरेशन आणि उरलेले बारा आळस. परत आल्यावर मी दीड पान माफी मागितली. त्याखाली एकुलती एक प्रतिक्रिया आली : ‘तुम्ही नव्हता हे लक्षात आलं नाही, बरं झालं सांगितलंत.’ तेव्हापासून खंड पडला तर मी माफीबिफी मागत नाही. सरळ पुढचं लिहायला लागतो.

मला तारलं ते दुकानानं. आमच्या धंद्यात रोजकीर्द, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची वही, त्याच दिवशी लिहायची असते. उद्या लिहू म्हटलं की संध्याकाळी गल्ल्यात चाळीस रुपये कमी का, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण खतावणी, म्हणजे त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवणं, रोज करावी लागत नाही, ती निवांत बसून केली तरी चालते. मी ब्लॉगलाही तेच लावलं. सुचलेलं त्याच दिवशी, पट्टीच्या (शेतकऱ्याला देतो त्या हिशेबाच्या) पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी, वर तारीख. त्यात भाषा नाही, शैली नाही, कच्चा माल. दुकानात बिलं खोचायची तार असते ना, उलट्या आकड्याची, तशी एक तार घरी खिडकीशी टांगली. चिठ्ठी घरी येऊन तारेत खोचायची. रविवारी सौदे नसतात, तेव्हा सकाळी सहाला चहा घेऊन तार खाली काढायची आणि एका चिठ्ठीचं पक्कं करायचं. कधी दोन चिठ्ठ्यांचं मिळून एक होतं. कित्येक चिठ्ठ्या वर्षानुवर्षं तारेतच पिवळ्या पडतात. पडू देत.

एक नमुना दाखवतो. चिठ्ठीवर होतं : ‘१२ फेब्रु. हमालानं हळदीच्या हातानं बाळाचा फोटो दाखवला, काच पिवळी.’ बस. याचा लेख पाच आठवड्यांनी झाला, पण चिठ्ठी नसती तर पाच तासांत विसरलो असतो.

तुमच्याकडे रात्री झाकपाक झाल्यावर दोन मिनिटं असतील. लिहायचा कंटाळा आला तर फोनमध्ये बोलून ठेवा. लेख महिन्याला एक टाका, कुणी काही म्हणत नाही. मंगळवार सांगून शुक्रवारी टाकू नका एवढंच. त्यापेक्षा वार सांगूच नका.

जाता जाता एक. पक्कं झालं की मी ते मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवतो. त्या मध्येच उठून स्वयंपाकघरात गेल्या की जिथे उठल्या तिथून पुढचं काढून टाकतो. आजवर एकदाही चुकलेलं नाही.

प्रश्न : ब्लॉगमधून पैसे मिळतात का? किती? (एक युवक, जत)

दादा, रोखठोक हिशेब देतो. नावे, म्हणजे खर्च : ब्लॉगसाठी स्वतःचा वेगळा पत्ता २०१६ मध्ये घेतला, त्याचे वर्षाला सातशे ते हजार रुपये. जमा : तीन वर्षं जाहिराती लावल्या होत्या. गूगलचे जाहिरातीचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय हातात पडत नाहीत, आणि ती रेघ मी एकदाच ओलांडली. मग एके दिवशी पुरावरच्या लेखाखाली पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात झळकली. मंडळी म्हणाल्या, “काढा ते आधी.” काढली. एका दिवाळी अंकानं ब्लॉग वाचून लेख मागितला, त्याचे १,५०० रुपये आले. शिवाय दरवर्षी कुणी ना कुणी आठवणीनं घरची हळद आणून देतं, तिची किंमत धरत नाही. वजाबाकी तुम्ही करा. पोट भरायचं असेल तर ब्लॉग हा धंदा नव्हे. निदान हळदीवर, मराठीत आणि माझ्या वेगानं तरी नव्हे.

प्रश्न : मी दोन वर्षं लिहितो आहे. दिवसाला दहाबारा माणसं येतात. निराश व्हायला होतं. तुमचा वाचक कोण? (एक वाचक, मिरज)

दहाबारा? आमच्या दुकानात दिवसाला दहाबारा गिऱ्हाइकं आली तर शेठ लाडू वाटायचे.

पण तुमचं दुःख मला कळतं, कारण पहिली पाच वर्षं मीही आकडाच बघत होतो. दुपारी एकदा, चारला एकदा, रात्री झोपताना एकदा. आकडा आजचा सांगतो, पुढच्या पाच वर्षांचा सांगत नाही. निवडणुकीवर लिहिलं की त्या दिवशी दोनशे माणसं यायची आणि आठवड्यात त्या लेखाकडे कुत्रं फिरकायचं नाही. हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या खड्ड्यांवर, लिहिलं तेव्हा पहिल्या दिवशी नऊ जण आले, आणि गेली दहा वर्षं रोज कुणी ना कुणी येतंच आहे. ज्याला पेव म्हणजे काय हे शोधायचं असतं तो शोधत शोधत येऊन पोचतो.

पेवाचं थोडं सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर सांगलीला लागूनच. तिथली माती अशी की पाणी आत झिरपत नाही. माणूसभर नव्हे, चारपाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढे खोल खड्डे. आतून पाचट लावायचं, हळद भरायची, तोंड बंद करायचं. माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा कोंदलेली असते. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक कामातून गेली. मी त्याआधी मालाच्या निमित्तानं तिथे पुष्कळदा उभा राहिलेला, म्हणून लिहू शकलो. लेखाखाली चार वर्षांनी पुण्याच्या एका मुलानं लिहिलं, ‘तुम्ही ज्या पेवाच्या तोंडाशी उभे होता ते आमच्या आजोबांचं. मला घरात कुणी कंदिलाचं सांगितलं नव्हतं.’ तो एक वाचक मला दोनशेंच्या जागी पुरला.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. आमचं घर गावभागात, नदीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतल्या पोराटोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे गेलो, पण वरच्या मजल्यावरचा शेजारी हटून राहिला होता. तो फोनवरून जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगायचा आणि मी ब्लॉगवर टाकायचो : ‘रात्री ११.२०, पुलाला इतकं, आमच्या जिन्याची तिसरी पायरी गेली.’ परगावी असलेल्या सांगलीकरांना आपापल्या गल्लीचा अंदाज त्यावरून यायचा. त्यातच एक माती खाल्ली. कोयनेतून पाणी सोडल्याचा एक निरोप व्हॉट्सॲपवर आला, तो मी जसाच्या तसा टाकला. निघाला जुन्या वर्षाचा. दोन घरांनी त्यावरून अर्ध्या रात्री सामान हलवलं. आम्ही वहीत चुकलेला आकडा खरवडत नाही. आडवी रेघ मारून वर खरा आकडा लिहितो आणि बाजूला सही करतो. तिथेही तसंच केलं. चूक तशीच ठेवली, तिच्यावर रेघ ओढली, खाली लिहिलं की हे चुकलं आणि कशानं चुकलं. अजून आहे ते. त्यानंतर स्वतः वाचलेला आकडा किंवा ज्यानं वाचला त्याच्या तोंडून ऐकलेला, याशिवाय मी काही टाकत नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हा गल्लीतल्या पोरांनी माझी २०१९ ची पानं काढली. पुलाला इतके फूट असताना तिसरी पायरी, इतके असताना सातवी. त्यावरून फ्रीज केव्हा उचलायचा, म्हाताऱ्या माणसांना केव्हा हलवायचं हे ठरवलं. दोन वर्षं ती पानं कुणी उघडलीही नव्हती. म्हणून सांगतो, तारीख, वेळ आणि माप घालत जा. मत घातलं नाही तरी चालेल.

प्रश्न : शिव्या देणाऱ्या प्रतिक्रियांचं काय करता? (एक वाचक, आष्टा)

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो. तोवर निम्म्या खऱ्या वाटायला लागलेल्या असतात. उरलेल्या पुसतो.

प्रश्न : ब्लॉगवरचं लेखन किती सुरक्षित? माझ्याकडे वडिलांच्या आठवणींच्या वह्या आहेत, त्या टंकून टाकायचा विचार आहे. (निवृत्त कर्मचारी, सांगली)

साहेब, टंकाच. आणि लवकर टंका.

पुराच्या वेळी घाईत मी लॅपटॉप माळ्यावर टाकला आणि वह्यांची ट्रंक कॉटखालीच विसरलो. १९९१ पासूनच्या सतरा वह्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत लगदा आणि गाळाचा वास. अंगणात चटईवर एकेक पान सुट्टं करून वाळत घातलं. गंमत बघा, बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं वाचता येत होतं, शाईच्या पेननं हौसेनं कोरलेलं सगळं धुऊन गेलेलं. निम्म्या पानांवर फक्त निळी सावली. त्या वह्यांतलं जेवढं मी आधी ब्लॉगवर चढवलं होतं तेवढंच आज धड आहे.

म्हणून ब्लॉग म्हणजे तिजोरी असं समजू नका हं. माझे पहिल्या पाच वर्षांतले फोटो एका फुकट ठिकाणी ठेवलेले होते. त्या ठिकाणवाल्यांनी दुकान आवरलं आणि लेखांमध्ये राखाडी चौकोन उरले. हरिपूरच्या पेवाच्या तोंडाचा माझा एकमेव फोटो त्यात गेला. आता काय करतो ते सांगतो. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये सगळा मजकूर उतरवून घ्यायची सोय आहे. दिवाळी पाडव्याला वह्यांची पूजा करायची आमची जुनी रीत, त्याच दिवशी ती फाइल उतरवतो आणि पेनड्राइव्हला हळदकुंकू वाहतो. (मंडळी हसतात.) त्या फाइलीत अक्षरं येतात, फोटोंचे फक्त पत्ते येतात, फोटो वेगळे जपावे लागतात. आणखी एक, खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, असा त्यांचा २०२३ पासूनचा नियम आहे. तेव्हा पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असू द्या. माझा मंडळींच्या मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. आता तुम्हालाही कळलं, पण डबा काही तुम्हाला मिळायचा नाही.

वडिलांच्या वह्या टंकताना त्यांची भाषा सुधारू नका. ‘येस्टी’ लिहिलं असेल तर ‘येस्टी’च राहू द्या.

प्रश्न : दोन प्रश्न आहेत. माझे लेख लोक नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरवतात, काय करावं? आणि घरच्या, ओळखीच्या माणसांवर लिहावं का? (एक लेखिका, पलूस)

ताई, तुम्हाला ते दोन प्रश्न वाटतात. माझ्या बाबतीत ते एकच झाले होते.

कायद्याचं आधी सांगतो. १९५७ च्या कायद्यानं लिहिलेलं लिहिल्याक्षणी तुमचं होतं, नोंदणी लागत नाही, आणि तुमच्यानंतरही ६० वर्षं तुमच्या वारसांचं राहतं. एखाद्या संकेतस्थळानं उचललं तर तक्रार करून काढून घेता येतं. व्हॉट्सॲपवर कुणाची तक्रार करणार, वाऱ्याची?

आता माझं. २०१७ ची गोष्ट. वाळव्याकडचा एक शेतकरी माल घेऊन आला. सौद्याला व्यापाऱ्यानं पोत्यातलं हळकुंड मोडलं; ते लवलं, आवाज आला नाही. त्यानं ते परत पोत्यात टाकलं आणि पुढच्या ढिगाकडे गेला. शेवटी दर पडला तो पडलेलाच. हमाली, तोलाई वजा करून मी पट्टी केली. तो बारदानाच्या थप्पीवर बसला होता. पट्टी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, “दिवाणजी, एकदा बघा की. आकडा चुकला आसंल.” मी पुन्हा बेरीज केली. त्याच्या समोर, बोट ठेवून, सावकाश. आकडा तोच आला. मग त्यानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

मी त्याच रात्री लिहिलं. चिठ्ठी तारेत खोचली नाही, रविवारची वाट बघितली नाही. नाव घातलं नाही, पण गाव घातलं, किती एकर ते घातलं, पोरीच्या लग्नाचं कर्ज घातलं. त्याचं वाक्य शीर्षकाला दिलं. दोन दिवसांत चार हजार माणसांनी वाचलं. असा आकडा मी जन्मात बघितला नव्हता. मग माझं नाव कापून, वर भलत्याच कुठल्या रडणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो चिकटवून ते व्हॉट्सॲपवर सुटलं. खाली कुणा भलत्याचंच नाव. मी तीन आठवडे चरफडत होतो. ज्याला त्याला सांगत होतो, हे माझं आहे, माझं आहे.

मग एके दिवशी एक पोरगा दुकानात आला. चोविशीतला. चप्पल बाहेर काढून आत आला, मोबाईल माझ्या गादीवर ठेवला. तीच चोरलेली प्रत. “काका, हे तुमी लिवलंय न्हवं?” मी विचारलं, कशावरून? म्हणाला, “दिवाणजी एकदा बघा की, असं आमचा बा घरात सांगत हुता. दुकानात दिवाणजी तुमीच एकलं.” नावासाठी मी तीन आठवडे रडत होतो, त्या पोरानं ते बरोबर लावून दाखवलं. पुढे एवढंच म्हणाला, “बहिणीच्या सासरी पोचलंय. तिथं जेवताना वाचून दाखिवलं त्येनी. कर्जाचं आमी त्येंना सांगितलं नव्हतं.” भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

ब्लॉगवरून मी ते त्याच संध्याकाळी काढलं. उपयोग शून्य. गेल्या वर्षी आमच्या साडूनं ते मलाच पाठवलं, ‘वाचा, डोळ्यात पाणी येईल.’

तेव्हापासून माणसावर लिहिलं की टाकायच्या आधी त्या माणसाला फोन लावून वाचून दाखवतो. ‘नको’ म्हणाला की चिठ्ठी तारेत परत. निम्मे जण नको म्हणतात. काही जण हो म्हणतात पण ‘बायकोचं तेवढं काढा’ म्हणतात. लेख जरा फिका होतो खरा. घरच्यांचं तर विचारूच नका. मंडळींवर लिहिलेले अकरा लेख तारेत आहेत आणि या उत्तरांतली त्यांची वाक्यंही त्यांनी वाचून पास केलेली आहेत.

तो शेतकरी पुढच्या हंगामात दुसऱ्या अडत्याकडे जाईल असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडेच आला. पोरगाही बरोबर होता. पोती उतरवून झाल्यावर त्यानं स्वतःच एक हळकुंड काढलं, माझ्या कानाशी मोडलं आणि म्हणाला, “ह्ये ऐकलंसा? रडल्यालं लिवलासा. औंदा दर लागला तर त्ये बी लिवा. गावाचं नाव घालून लिवा.” त्या दिवशी आमच्या दुकानात सगळ्यात वरचा दर त्याच्या मालाला लागला.

रविवारी लिहिलं. तारीख, गाव, पोती, दर आणि हळकुंड मोडल्याचा आवाज. पाच ओळी. फोनवर वाचून दाखवल्या, “बराबर हाय,” म्हणाला. ते पुढे कुणी कुणाला पाठवलं नाही. आजवर ६१ वाचनं झाली आहेत, त्यातली दोन त्या पोराची.